कट्टुमरम म्हणजे कॅटमरानचा कच्चा खर्डा नव्हे

गेली काही वर्षं एक वाद ठरावीक काळानं परत परत वर येतोय. कोणीतरी दोन समांतर अंगांच्या, झकपक पांढऱ्या यॉटचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं की कॅटमरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आलाय, म्हणजे ही बोट चोळांनी शोधली, राजेंद्र चोळाचं आरमार ह्याच बोटींतून सुमात्र्यापर्यंत गेलं आणि गोऱ्यांनी ती ढापून स्वतःच्या नावावर केली. लगेच दुसरा गट मैदानात उतरतो. त्यांचं म्हणणं, कट्टुमरम म्हणजे चार ओंडके बांधून केलेला तराफा, त्याचा आणि कॅटमरानचा काडीचाही संबंध नाही, इंग्रजांनी चुकून भलत्या वस्तूला भलतं नाव चिकटवलं, तेव्हा उगाच छाती फुगवू नका. मग एकमेकांची अक्कल काढणं सुरू होतं आणि शेवटी वाद जिथे होता तिथेच राहतो, पुढच्या खेपेला पहिल्यापासून.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शब्द शंभर टक्के तमिळ आहे, त्यात शंकेला जागा नाही. आजची दोन हलची बोट (हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं अंग) मात्र तमिळ किनाऱ्यावर जन्मली नाही, तिचं घराणं पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांचं आहे. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्यांचं आपसात भांडण नाही, भांडण आपण लावून दिलंय. आणि ह्या भांडणात सगळ्यात जास्त अन्याय होतो तो खुद्द कट्टुमरमवर, कारण एक बाजू त्याला यॉटचा खापरपणजोबा करून मोकळी होते, दुसरी बाजू ‘चार ओंडके’ म्हणून उडवून लावते, आणि ती वस्तू आहे तरी काय, ती तशीच का बांधली, हे बघायला दोघांनाही वेळ नाही.

तर आधी ती वस्तूच बघू. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड किंवा लाकूड. बांधलेली लाकडं, बस. कन्नडमध्येही कट्टु तेच, आपण ज्याच्यावर बसून गप्पा मारतो तो कट्टाही ह्याच घराण्यातला. १५८०च्या दशकात गास्पारो बाल्बी नावाचा व्हेनिसचा जवाहिऱ्या इकडे आला होता, त्यानं ह्या बोटीचं वर्णन केलंय आणि नाव ‘गातामेरोनी’ असं लिहिलंय. सात गोल लाकडं एकत्र बांधलेली, त्यातली पाच तळाला, मधलं लाकूड बाकीच्यांपेक्षा लांब, पाणी कापण्यासाठी पुढे आलेलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी मद्रासला येऊन गेला, त्याचं प्रवासवर्णन १६९७ साली छापलं गेलं, त्यात कोरोमंडल म्हणजे चोळमंडल किनाऱ्यावरचे हे ‘कॅटमरान’ येतात. काही तर इतके लहान की एकच माणूस बसणार आणि त्याचे पाय नि बूड कायम पाण्यात. म्हणजे इंग्रजीत हा शब्द शिरला तेव्हा त्याचा अर्थ अगदी बरोबर होता, ज्याला तमिळ कोळी कट्टुमरम म्हणत होते त्यालाच इंग्रज कॅटमरान म्हणत होते. चुकून भलत्याच वस्तूला नाव दिलं ही कहाणी इथेच कोसळते.

आता ‘चार ओंडके’ ह्या शब्दांकडे येऊ. मद्रासचा किनारा डोळ्यासमोर आणा. आपल्या कोकणासारख्या खाड्या नाहीत, होडी आत आणून निवाऱ्याला लावावी अशी जागा नाही, सरळसोट वाळूचा किनारा आणि त्यावर एकामागून एक फुटणाऱ्या लाटा. मद्रासला धड बंदर बांधायला सुरुवात झाली तीच मुळी १८७०च्या दशकात, तोवर इंग्रजांची मोठमोठी जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं नि माल किनाऱ्यावर यायचा तो काथ्यानं शिवलेल्या मसुला बोटींतून. अशा ठिकाणी पोकळ होडी घेऊन जाणाऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे आत भरणारं पाणी. एक लाट आत आली की होडी जड होते, दुसरीनं ती आडवी होते, तिसरीत संपलं. कट्टुमरम बांधणाऱ्यांनी हा प्रश्न मुळातच काढून टाकला. त्याला पोकळी नाहीच. लाकडांच्या फटींतून पाणी वर येतं आणि तसंच खाली जातं, उपसायचं काही नाही, भरायचं काही नाही, उलटा झाला तरी बुडत नाही, सरळ करून परत वर बसायचं. त्यासाठी लाकूड हलकं हवं, म्हणून शिरीषाच्या जातकुळीतली आणि तशीच इतर हलकी झाडं निवडायची. ओंडके नुसते ओंडके नसतात, प्रत्येकाला घडवलेलं असतं, मधलं थोडं खाली बसेल असं, कडेची वर उचललेली, पुढची टोकं निमुळती होऊन वर वळलेली. ती एकमेकांना काथ्याच्या दोरीनं आवळून बांधायची, खिळा नाही. खिळ्यानं जखडलेली लाकडं लाटेच्या माऱ्यात फाटतात, दोरीनं बांधलेली थोडी हलतात, थोडी देतात, परत जागेवर येतात. समुद्रावरून परत आलं की दोऱ्या सोडायच्या आणि लाकडं सुटी करून वाळूवर वाळत टाकायची, कारण हलकं लाकूड पाणी पितं आणि प्यायलेलं लाकूड दुसऱ्या दिवशी कामाचं नाही. म्हणजे ही बोट रोज बांधायची आणि रोज सोडायची.

कामाप्रमाणे प्रकारही वेगवेगळे. कोला म्हणजे उडता मासा, त्याच्या हंगामात लांब समुद्रात जायचं असतं, त्यासाठी जास्त लाकडांचं मोठं ‘कोला मरम’ वेगळं असायचं. शीड लावायचे, वल्ही मारायचे. मद्रासला वादळी हवेत मसुला बोटीसुद्धा निघू शकत नसत तेव्हा हेच लोक जहाजांवर चिठ्ठ्या पोचवायचे, चिठ्ठी डोक्यावरच्या टोपीत घट्ट बसवलेली, कारण अंगावर कोरडी राहील अशी तेवढी एकच जागा. मसुला उलटली तर माणसं वाचवायला बाजूनं कट्टुमरम चालायचे. ज्या किनाऱ्यावर जगातलं सगळ्यात तगडं आरमार बाळगणाऱ्यांना पाय टेकवायला ह्यांची मदत लागत होती, तिथल्या बोटीला प्राथमिक म्हणायचं? कशाच्या तुलनेत प्राथमिक? त्या किनाऱ्यावर त्या काळात तिच्यापेक्षा चांगलं उत्तर कोणी दिलं?

आणि म्हणूनच मला ‘कॅटमरानचा पूर्वज’ हे वाक्य खटकतं. वरवर ते गौरवाचं वाटतं, पण त्याचा अर्थ काय होतो? की कट्टुमरमची किंमत पुढे जाऊन त्याची यॉट झाली म्हणून आहे. दोन हलच्या बोटीचं तत्त्व वेगळंच आहे. दोन अरुंद, लांबट, पोकळ अंगं, मध्ये अंतर, वर डेक. पोटात वजन न भरता नुसत्या रुंदीच्या जोरावर ती स्थिर राहते, आणि अंगं अरुंद असल्यामुळे पाणी कमी ढकलावं लागतं म्हणून वेग मिळतो. तिचा सगळा खेळ पाणी बाहेर ठेवण्यावर. कट्टुमरमचा सगळा खेळ पाणी येऊ द्या नि जाऊ द्या ह्यावर. एकातून सुधारत सुधारत दुसरी झाली असं म्हणणं दोघींच्याही बांधणाऱ्यांवर अन्याय आहे.

आता अभिमानवाल्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेऊ, कारण तो खरंच मजबूत आहे. वसाहतीच्या काळात लिहिलेल्या इतिहासात आपल्याकडच्या कारागिरांचं, दर्यावर्दींचं श्रेय गायब केलं गेलं, हे खोटं नाही. मग आज एखादा शब्द जगभरच्या बंदरांत तमिळ बोलत फिरत असेल तर त्याला पुरावा का मानू नये? माना की. पण कशाचा पुरावा? शब्द सांगतो की इंग्रजांनी ही वस्तू इथे पाहिली, तिचं नाव इथल्या माणसांच्या तोंडून घेतलं आणि त्यांना ती इतकी वेगळी वाटली की स्वतःच्या भाषेतला शब्द पुरेना. एवढं नक्की सिद्ध होतं आणि ते थोडं नाही. पण नावाचं मूळ तेच वस्तूचं मूळ, हा नियम लावायचा तर तो सगळीकडे लावावा लागेल. मराठ्यांच्या आरमाराची, आंग्र्यांच्या आरमाराची शान म्हणजे गुराब. हा शब्द अरबी आहे, त्याचा अर्थ कावळा. मग कोकणच्या किनाऱ्यावर बांधलेल्या, कोकणच्या माणसांनी चालवलेल्या त्या लढाऊ गुराबा अरबांच्या झाल्या का? हा हिशेब आपल्याला आपल्या बाबतीत मान्य नाही, मग दुसऱ्याच्या बाबतीत कसा चालेल?

चोळांबद्दलचा दावा तर त्यांच्याच शिलालेखासमोर टिकत नाही. १०२५च्या सुमारास राजेंद्र चोळानं सुमात्र्यातल्या श्रीविजय राज्यावर स्वारी केली, त्याच्या प्रशस्तीत ओळ आहे, ‘अलैकडल नडुवुल पल कलम सेलुत्ति’, खवळलेल्या समुद्राच्या मध्यात अनेक जहाजं पाठवून. शब्द ‘कलम’ आहे, म्हणजे जहाज, गलबत. कट्टुमरम नाही. आणि असणार तरी कसा? बंगालचा उपसागर ओलांडून सैन्य, धान्य, गोडं पाणी न्यायचंय, ते काय पाय पाण्यात सोडून बसायच्या बोटीवरून? चोळांचं आरमार खरंच मोठं होतं, ते मोठं होतं म्हणूनच त्यांच्याकडे त्या कामासाठी वेगळी जहाजं होती. किनाऱ्यावरच्या कोळ्याची बोट आणि राजाचं जहाज एकच मानलं की दोघांचीही ओळख पुसली जाते.

पण थांबा, दुसरी बाजूही इथे फार खूश होऊ नये. ‘भारतात दोन अंगांची बोट कधी नव्हतीच’ असं ते ठोकून देतात, आणि ते साफ चूक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ आपल्याला ओळखीचं आहे, कारण त्यात सोपारा, कल्याण, चेऊल, पैठण सगळे येतात. त्यातच पुढे चोळमंडल किनाऱ्यावरच्या जहाजांचं वर्णन आहे. किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणारी साधी जहाजं, गंगेकडे आणि सुवर्णभूमीकडे जाणारी अतिशय मोठी ‘कोलांदिया’, आणि ‘सांगारा’ नावाची बोट, जी एकेका खोडातून कोरलेल्या मोठाल्या होड्या एकमेकींना जुंपून केलेली असते. जुंपून, बैल जुंपतात तसं. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच किनाऱ्यावर जोडहोडी होती, फक्त तिचं नाव कट्टुमरम नव्हतं.

आणि ते नाव आपल्या तोंडात आजही आहे. सांगड. मोल्सवर्थच्या मराठी कोशात बघा, सांगड म्हणजे दोन होड्या एकत्र बांधून केलेलं तरण, तसंच पोहण्यासाठी एकमेकांना बांधलेले दोन भोपळे. नदीवर पूल नव्हते तेव्हा गाडी, जनावरं पैलतीराला न्यायची ती जोडलेल्या होड्यांवर फळ्या टाकून. आज आपण कामाची आणि घराची सांगड घालतो, परंपरेची आणि विज्ञानाची सांगड घालतो, निवडणुकीत दोन पक्षांची सांगड घालतो, आणि हे सगळं मुळात होडीचं बोलणं आहे हे विसरून गेलोय. संस्कृत ‘संघाट’, लाकडं एकमेकांत बसवून जोडणं, तिथून हे घराणं निघतं. मल्याळममध्ये चंगाडम, तुळूमध्ये जंगल, सिंहलीतही ह्याच कुळातला जोडहोडीचा शब्द आहे. पेरिप्लसमधला सांगारा ह्याच मालिकेत बसतो असं अभ्यासकांनी फार आधी म्हणून ठेवलंय. भारतातल्या जोडहोडीचा अभिमान बाळगायचाच असेल तर हा घ्या, पुराव्यासकट, आणि तमिळपासून मराठीपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला येणारा. पण नाही, वाद चाललाय तो ज्या शब्दाचा अर्थ तराफा त्याच्यावरून.

ह्या सांगडीचा पुढचा प्रवास तर ह्या सगळ्या वादाचं उत्तरच आहे. पोर्तुगीज केरळात आले, त्यांनी चंगाडम हा शब्द उचलला, त्याचा ‘जंगाडा’ झाला. ते ब्राझीलला गेले तिथे ईशान्य किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी हलक्या लाकडाचे ओंडके जोडून तराफे करत होते, त्याला पोर्तुगीजांनी जंगाडा म्हटलं. आजही सेआरा भागातल्या कोळ्यांची शिडाची जंगाडा ब्राझीलची ओळख मानली जाते. म्हणजे काय झालं बघा. जोडहोडीचा भारतीय शब्द जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तराफ्याला लागला आणि तराफ्याचा भारतीय शब्द जगाच्या तिसऱ्या टोकाला जाऊन जोडहोडीला लागला. दोन शब्दांची जणू अदलाबदल झाली. आता जंगाडा हा शब्द मल्याळम म्हणून ब्राझीलचा तराफा केरळनं शोधला असं कोणी म्हणतं का? म्हटलं तर हसतील. मग कॅटमरानच्या बाबतीत तेच वाक्य गंभीरपणे कसं म्हणता येतं?

तरीही प्रश्न उरतोच की तराफ्याचं नाव जोडहोडीला लागलं कसं, नुसत्या चुकीनं? इथे मला दुसऱ्या गटाचं म्हणणं पटत नाही. शब्द हळूहळू सरकतात आणि प्रत्येक पायरीला काहीतरी कारण असतं. विल्यम पेटी ह्या इंग्रजानं १६६०च्या दशकात आयर्लंडमध्ये दोन अंगांची जहाजं बांधली, त्यातलं एक १६६५ मध्ये वादळात बुडालं. त्या बोटीला लोक ‘डबल बॉटम’ म्हणत, कॅटमरान नाही, म्हणजे वस्तू होती पण हा शब्द तिच्यापर्यंत पोचला नव्हता. मधल्या काळात इंग्रज खलाशांच्या तोंडी कॅटमरान हा बांधून जोडलेल्या, पाण्याला टेकून चालणाऱ्या कुठल्याही तरंगत्या गोष्टीचा सर्रास शब्द झाला. १८०४ मध्ये इंग्रजांनी बुलोन्यच्या फ्रेंच ताफ्यावर बंदुकीच्या दारूनं भरलेले पेटारे तरंगत सोडले, रॉबर्ट फुल्टनची कल्पना, त्यांनाही कॅटमरानच म्हटलं गेलं. मग १८७६ साली अमेरिकेत नॅथनेल हेरेशॉफनं ‘अमॅरिलिस’ नावाची दोन हलची शिडाची बोट न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली, तिनं बाकीच्या बोटींना इतकं मागे टाकलं की ही शर्यतीतली बोटच नव्हे म्हणून तक्रारी झाल्या, पुढच्या वर्षी त्यानं पेटंट घेतलं, आणि अशा बोटींसाठी कॅटमरान हे नाव रुळलं. बांधून जोडलेली, हा धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकून आहे. मूळ अर्थातलं ‘मरम’ म्हणजे लाकूड गळून पडलं, ‘कट्टु’ म्हणजे बांधणं राहिलं.

आणि हे असं सरकणं आपल्या स्वयंपाकघरातही झालंय. बटाटा घ्या. शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, अर्थ रताळं. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो उचलला, तो पेरूच्या डोंगरातल्या वेगळ्याच कंदाला लागला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. आज आपण रताळ्याचं नाव घेऊन वडा खातो आणि कोणाचं काही बिघडत नाही. पण म्हणून बटाट्याची लागवड कॅरिबियन बेटांवर सुरू झाली असं कोणी म्हटलं तर अँडीजच्या डोंगरात हजारो वर्षं खपलेल्या शेतकऱ्यांवर तो अन्याय ठरेल. नाव चुकलं ह्याचं दुःख नाही, श्रेय चुकू नये.

श्रेयाचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हवाईमध्ये दोन हलच्या नावेला ‘वआ काउलुआ’ म्हणतात, त्यातला ‘लुआ’ म्हणजे दोन. टोंगामध्ये कालिया, फिजीत ड्रुआ. अशा जोडहोड्यांतून, नकाशा आणि होकायंत्राशिवाय, तारे, लाटांची दिशा आणि पक्षी वाचत ह्या लोकांनी हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत आणि ईस्टर बेटापर्यंत, पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या महासागरात वस्ती केली. आणि विसाव्या शतकात त्यांना काय ऐकावं लागलं? की तुमचे पूर्वज वारा नेईल तिकडे वाहत गेले, ठरवून गेलेच नाहीत. अँड्र्यू शार्प ह्या इतिहासकारानं १९५६ मध्ये हे मांडलं आणि अनेकांनी ते मानलं. त्याला उत्तर म्हणून हवाईमध्ये ‘होकुलेआ’ ही जुन्या धाटणीची दोन हलची नाव बांधली, दोन अंगं जोडणारे आडवे वासे दोरीनं आवळून बांधलेले. १ मे १९७६ ला ती निघाली, सातावाल बेटाचा माऊ पियाइलुग वाट दाखवायला, एकही यंत्र न वापरता. ४ जूनला ती ताहितीत पोचली, बंदरावर हजारो माणसं जमली होती. तुमच्या पूर्वजांना हे जमणारच नाही, हे वाक्य आपणही दोनशे वर्षं ऐकलंय ना? मग ज्यांच्याकडून ते इतक्या कष्टानं पुसलं गेलं त्यांच्याच नावेवर आपण एका शब्दाच्या जोरावर हक्क कसा सांगतो? गोऱ्यांनी ढापली म्हणताना ढापली कोणाची, एवढं तरी बघायला हवं.

कोणी म्हणेल, संबंध असूही शकतो की, दक्षिण भारत आणि पॅसिफिकची बेटं ह्यांच्यात जुना संपर्क असेल. असू शकतो. मद्रासच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेलनं १९२० साली भारतीय होड्यांवर फार बारकाईनं लिहिलं, आणि पाल्कच्या उपसागरातल्या, श्रीलंकेतल्या उलांड्याच्या होड्या, म्हणजे बाजूला आधाराचं लाकूड लावलेल्या, बघून त्याला पूर्वेकडच्या लोकांचा प्रभाव दिसला. पण त्याच्या मांडणीत दिशा कुठली होती? तिकडून इकडे. अभिमानवाल्यांना हवी त्याच्या नेमकी उलट. आणि शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. थोर हायरडालनं १९४७ मध्ये पेरूहून बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून १०१ दिवसांत पॉलिनेशियातलं बेट गाठलं, विलक्षण धाडस होतं, पण त्यातून सिद्ध झालं ते इतकंच की असं जाता येतं. पॉलिनेशियन लोक मूळचे दक्षिण अमेरिकेतून आले हा त्याचा दावा टिकला नाही. त्यांची भाषा, त्यांची भांडी, त्यांची बहुतेक जनुकं आशियाच्या बाजूला बोट दाखवतात.

इकडे ज्यांच्या नावानं हे सगळं चाललंय त्यांचं काय? पट्टणवर, परवर, मुक्कुवर ह्या समाजांनी पिढ्यानपिढ्या कट्टुमरम बांधले. मागच्या तीस-चाळीस वर्षांत फायबरच्या बोटी आणि बाहेरून लावायची मोटर आली, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून फायबरच्याच बोटी मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या आणि लाकडाचे कट्टुमरम झपाट्यानं कमी झाले. ह्याबद्दल कोळ्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, पाय पाण्यात सोडून रात्र काढायची ती त्यांनी, वेग आणि कोरडी जागा त्यांना हवी असेल तर मिळायलाच हवी. पण कुठलं लाकूड कुठे बसवायचं, टोक किती वर घ्यायचं, दोरीचे वेढे कसे घ्यायचे, हे ज्ञान लिहिलेलं कमी आणि हातात जास्त आहे, आणि ते हात म्हातारे होतायत. एकेका गावात जाऊन ते नोंदवून ठेवणं, गाठी, लाकडांची नावं, प्रकार, हे करण्यासारखं काम आहे आणि त्यात चोळांच्या आरमाराचा फोटो लागत नाही. तेच आपल्या खाड्यांमधल्या सांगडीचं, तेही कोणी धड केलेलं नाही असंच मला दिसतं.

राहता राहिला प्रश्न मराठीत म्हणायचं काय. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्याला कॅटमरान हा शब्द पाठ आहे, नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा कॅटमरान होती तीही अनेकांना आठवत असेल, नौदलाचं ‘मकर’ हे सर्वेक्षणाचं जहाजही दोन हलचंच. अधूनमधून कोणीतरी म्हणतं की हा इंग्रजी शब्द काढा, त्याजागी काहीतरी संस्कृत जोडशब्द घाला. मला त्याची गरज वाटत नाही. तो शब्द इंग्रजीतून आला असेल पण मूळचा शेजारच्या किनाऱ्यावरचा आहे, कोळ्यांच्या तोंडचा आहे, मराठीत तो परका नाही. यंत्राच्या, डेकच्या, तिकिटाच्या बोटीला कॅटमरान म्हणा. फक्त पुढच्या वेळी कोणी मराठीत नवीन कोशाची नोंद करायला बसलं तर कॅटमरानखाली ‘तमिळ, बांधलेली लाकडं, तराफा; पुढे अर्थ बदलून दोन हलची बोट’ एवढं लिहावं, आणि सांगडीखाली लाक्षणिक अर्थाच्या आधी, पहिल्या क्रमांकाला, होडी ठेवावी.